बाराच्या भावात

जुन्या गाडीत एसी असतो. तो चालतो का, हे विचारायचं नसतं. मालक ‘एसी आहे’ एवढंच सांगतो, काच खाली करतो आणि ‘आज हवा काय छान सुटलीय’ म्हणून विषय मिटवतो. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, स्वारगेटच्या सिग्नलला, पुढच्या ट्रकचा धूर थेट नाकात जात असताना हवा छान सुटल्याचं मी आमच्या मेव्हण्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

मेव्हणे बँकेतून निवृत्त झाले, गाडीला मात्र अजून निवृत्ती मिळालेली नाही. १९९४ साली ती आमच्या सासऱ्यांनी घेतली. कुठल्या कंपनीची ते मुद्दामच सांगत नाही. नाव घेतलं की निम्मे वाचक ‘आमच्या काकांकडे हीच होती’ म्हणून लेख बाजूला ठेवतील आणि काकांना फोन लावतील. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे तिच्या एसीत बारा नंबरचा गॅस होता. शास्त्रातलं नाव आर-१२, बाजारातलं फ्रिऑन. आपल्याकडे तो ‘मॅफ्रॉन’ या नावानंही मिळायचा, मफतलाल समूहाची कंपनी तो बनवायची. म्हणजे मफतलालच्या कापडाची सफारी घालून मफतलालच्याच गारव्यात बसायची सोय होती. सासरे तसे बसत. आता सासरे नाहीत, सफारी नाही आणि गॅसही नाही.

गेल्यावर मात्र या गॅसची कीर्ती फार वाढली. गाडीत होता तेव्हा त्याचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. संपल्यावर सगळे दर्दी झाले. ‘बाराची थंडी ती बाराची थंडी’ हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, सोसायटीच्या सभेत ऐकलंय आणि एकदा वैकुंठ स्मशानभूमीतही ऐकलंय. सासुरवाडीची दंतकथा अशी, की १९९५ च्या उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाताना मागच्या सीटवरच्या आत्याबाईंना हुडहुडी भरली. वाईला गाडी थांबवून त्यांना शाल काढून द्यावी लागली. पुढे महाबळेश्वरात उतरल्यावर त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, इथं किती उकडतंय!’ ती शाल अजून कपाटात आहे आणि पाहुण्यांना पुरावा म्हणून दाखवतात. शालीवरून थंडी कशी सिद्ध होते, असं विचारणाऱ्या जावयाला त्या घरी आमरसाची दुसरी वाटी मिळत नाही.

खरं म्हणजे त्या थंडीत गॅसची करामत थोडीच होती. गाडी नवी होती, पाइप नवे होते, दारांची रबरं घट्ट होती आणि १९९५ साली महाबळेश्वरला जाताना गाडी चालत असे. एसीला गारव्याइतकीच वाऱ्याची गरज असते. आतली उष्णता बाहेर नेऊन टाकायची, तर पुढच्या कंडेन्सरवरून वारा वाहायला हवा. हल्ली पुण्यातून बाहेर पडेपर्यंतच निम्मी सहल संपते. पण हे कुणी ऐकत नाही. माणूस बदलला, रस्ता बदलला, गाडीला तीस वर्षं झाली, तरी दोष नव्या गॅसचा.

या बाराचा जन्मदाता थॉमस मिजली नावाचा अमेरिकन इंजिनिअर. त्याच्या आधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असली मंडळी असत. गळती झाली की दूध टिके, माणूस टिकत नसे. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न जळणारा, बिनविषारी गॅस शोधला. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत मिजलीनं तो छातीभर ओढून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, मिजली शाबूत राहिला. न जळणारा आणि न मारणारा, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध. याच गृहस्थानं त्याआधी, १९२१ मध्ये, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिन ठोके मारत नाही हे शोधून काढलं होतं. म्हणजे सासऱ्यांनी शोरूममधून गाडी बाहेर काढली तेव्हा टाकीत मिजली होता आणि डॅशबोर्डातही मिजलीच होता. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली हद्दपार झालं. दोन शोध लावावेत आणि दोन्ही जगानं बंद करावेत, हा मान फार थोड्यांना मिळतो.

बाराला एकच खोड होती. तो मरत नाही. पाइपातून निसटला की सुमारे शंभर वर्षं वातावरणात राहतो. रमतगमत वर चढतो, तिथं अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खात सुटतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे १९७४ मध्येच मांडलं, तेव्हा गॅस बनवणाऱ्यांनी नाकं मुरडली. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर पडलेलं भगदाड दाखवलं आणि १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रियलचा करार झाला. पुढं जगातल्या झाडून सगळ्या देशांनी त्याला मान्यता दिली. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या ठरावावर अजून सगळ्यांच्या सह्या झालेल्या नाहीत, त्यामुळे मला या कराराचं फार कौतुक आहे.

हे सगळं मी मेव्हण्यांना मोठ्या तन्मयतेनं सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘भाऊजी, अंटार्क्टिकाच्या भोकाचं जग बघेल. माझ्या पाइपला पडलंय त्याचं बोला.’

त्यांच्या पाइपाचं दुखणं जुनं होतं. दर उन्हाळ्यात थोडा गॅस भरायचा, दिवाळीपर्यंत तो जायचा. हिवाळ्यात एसी कुणी लावत नाही, मग कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळचं सील कोरडं पडतं आणि उरलासुरला गॅसही निघून जातो. (महिन्यातून दहा मिनिटं एसी लावावा, हिवाळ्यातसुद्धा. हे मिस्त्री सांगतात आणि आपण हसतो.) पण २००३ च्या जानेवारीपासून नव्या गाड्यांच्या एसीत बारा वापरणं बंद झालं आणि २०१० उजाडताना देशातला सीएफसींचा सगळाच कारभार आटोपला. दम्याच्या पंपांपुरती काय ती सवलत उरली. तेव्हापासून बाराचा बाजार कानात बोलायचा झाला. कुणाचा तरी मेहुणा, त्याच्या ओळखीचा कुणी तरी, त्याच्याकडे ‘ओरिजिनल बारा’चा एक डबा. लेबल उडालेलं, किंमत मात्र ठसठशीत. आत बारा आहे, तेरा आहे की नुसतीच हवा, हे देवाला आणि डबेवाल्याला ठाऊक.

असला एक डबा मेव्हणे घेता घेता राहिले. त्याला कारण वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ. त्यांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, सरळ स्वयंपाकाचा गॅस भरा! थंडही होतं, जुनं तेलही चालतं. यातली वाईट गोष्ट अशी, की ते खोटं नाही. प्रोपेन, आयसोब्युटेन हे उत्तम गारवा देणारे वायू आहेत. आजच्या घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेनच असतो, पण अगदी थोडा. गाडीत तो भरायचा म्हणजे कूलिंग कॉइल डॅशबोर्डाच्या मागं, आपण काचा बंद करून तिच्यासमोर, आणि कॉइल गळकी असण्याचा तीस वर्षांचा अनुभव. आमच्या मेव्हण्यांच्या डॅशबोर्डावर गणपती आहे आणि दर चतुर्थीला ते त्याच्यापुढं उदबत्ती लावतात. वहिनींनी हे दोन मुद्दे एकत्र जोडले आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना चहा न विचारताच निरोप दिला.

राहिला एकशे चौतीस. आर-१३४ए. मेव्हण्यांना आधी तो आकडाच पटेना. ‘बारावरून एकदम एकशे चौतीस? मधले कुठं गेले?’ मी त्यांना आकड्यांचं गुपित सांगितलं. गॅसच्या नंबरात ९० मिळवायचे. १२ अधिक ९०, १०२. म्हणजे कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लोरिन दोन. कार्बनला हात चार. दोन रिकामे राहिले, तिथं क्लोरीन बसला. ओझोन खाणारा तो हाच. आता १३४ अधिक ९०, २२४. कार्बन दोन, हायड्रोजन दोन, फ्लोरिन चार. सगळे हात भरले, क्लोरीनला जागाच नाही. शेवटचा ‘ए’ हा अणू कुठं कुठं बसलेत ते सांगण्यापुरता. मेव्हण्यांनी पाकिटाच्या मागे बेरीज करून पाहिली, पुन्हा उलटी करून ताडून पाहिली आणि म्हणाले, ‘जुळतंय.’ जमाखर्च जुळला की वस्तू चांगली, हा बँकेतला संस्कार. त्या दिवसापासून ते एकशे चौतीसच्या बाजूचे झाले.

मिस्त्रींचं गॅरेज नाना पेठेच्या पलीकडं. वय साठीला आलेलं, हात बारावर शिकलेला. त्यांनी बॉनेट उघडलं, मीटर लावलं. दोन्ही काटे शून्यावर. मग पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरची मान, कंडेन्सरच्या खालचा कोपरा, सगळीकडे बोट फिरवून ते बोट त्यांनी उजेडात धरलं. बोटाला काळसर तेल लागलं होतं.

‘काका, जिथं तेल दिसतंय तिथून गॅस गेलाय,’ मिस्त्री म्हणाले. ‘एकशे चौतीस मारू. पण मारायचा तर पूर्ण काम करू. नुसता गॅस मारून देणारे पुढच्या गल्लीत आहेत. ते आज थंड करून देतील. तुम्ही पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर घेऊन माझ्याकडंच याल.’

पूर्ण काम म्हणजे काय, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. मेव्हण्यांनी चष्मा बदलला आणि तपासणीला सुरुवात केली.

पहिलंच कलम तेलाचं. ‘इंजिन ऑइल परवाच बदललंय,’ मेव्हणे म्हणाले. मिस्त्रींनी समजावलं, की हे कॉम्प्रेसरचं तेल, ते गॅसबरोबरच सगळ्या पाइपांतून फिरतं. बाराबरोबर खनिज तेल असायचं, दोघं छान विरघळून एकत्र हिंडायचे. एकशे चौतीस आणि खनिज तेल यांचं जमत नाही. वाटणीनंतर एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन भावांसारखं, दार एक, पण बोलणं नाही. गॅस फेऱ्या मारत राहतो, तेल कॉइलच्या तळाशी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून एक दिवस किंचाळून थांबतो. म्हणून जुनं तेल काढायचं, आतून सगळं फ्लश करायचं आणि एस्टर ऑइल घालायचं. नव्या गाड्यांत पॅग नावाचं तेल असतं, पण जुन्या तेलाचे आणि क्लोरीनचे अवशेष त्याला सोसत नाहीत. एस्टर जरा समंजस, मागचं थोडं उरलेलं चालवून घेतं.

दुसरं कलम ड्रायरची बाटली. हिच्या पोटात ओल शोषणारे दाणे असतात. बाराच्या काळातले दाणे एकशे चौतीसपुढं टिकत नाहीत, झिजून त्यांची पूड सगळ्या पाइपांत फिरते. शिवाय ती बाटली १९९४ पासून ओल शोषत होती. तिनं शोषायचं केव्हाच सोडलं असणार, पण मेव्हण्यांचा जीव तिच्यात अडकला होता. ‘ओरिजिनल आहे,’ ते दोनदा म्हणाले. मग ओ-रिंगा. काळ्या काढून हिरव्या. मग सर्व्हिस पोर्टांवर नव्या मापाचे अडॅप्टर. एकशे चौतीसची तोंडं मुद्दामच वेगळी ठेवलेली आहेत, म्हणजे चुकून कुणी बाराचा पाइप लावू नये. माणसाच्या शहाणपणावर जगात कुणाचाच विश्वास नाही, याचा एवढा सुबक पितळी पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

कंडेन्सरवर वाद झाला. जुना कंडेन्सर म्हणजे एकच नळी, नागमोडी वळणं घेत खाली उतरणारी. नव्यात पुष्कळ बारीक नळ्यांतून गॅस एका वेळी जातो, त्यामुळे उष्णता लवकर टाकता येते. हिवाळ्यात बारा आणि एकशे चौतीस यांचा दाब साधारण बरोबरीनं चालतो, पण उन्हाळ्यात, रहदारीत, कंडेन्सर तापला की नव्याचा दाब जुन्याच्या वर चढतो. तेव्हा जुनी नागमोडी नळी धापा टाकते. मिस्त्रींचं मत कंडेन्सर बदला आणि पुढं एक इलेक्ट्रिक पंखा बसवा. मेव्हण्यांनी एकूण आकड्याखाली रेघ ओढली, मग आज गाडी विकली तर किती येतील ते विचारलं. दोन आकडे ऐकून ते काही वेळ गॅरेजबाहेर जाऊन उभे राहिले. परत आले ते ‘बाबांची गाडी आहे’ म्हणत.

एवढं सगळं मान्य झालं आणि गाडी अडली ती व्हॅक्युमवर.

जोडणी झाली, नायट्रोजनचा दाब भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावून झाला, कुठं बुडबुडा आला नाही. मिस्त्रींनी पंप लावला. पंप घरघरू लागला, निळ्या मीटरचा काटा शून्याच्या खाली गेला आणि तिथंच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मेव्हणे म्हणाले, ‘आता काय भरताय?’

‘काही नाही. काढतोय.’

‘काय काढताय?’

‘हवा.’

‘पण आत काही नव्हतंच की!’

‘जे नाही तेच काढायला वेळ लागतो, काका. पाऊण तास.’

बिलात ‘व्हॅक्युम’ असा वेगळा रकाना होता. भारतीय गिऱ्हाईक पैसे देतं ते काहीतरी आत पडल्याचे. गॅस आत गेला, तेल आत गेलं, नवी बाटली दिसली, ठीक. पण ‘काहीच नाही’ आत ठेवल्याचे पैसे? मेव्हण्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत असं व्हाउचर कधी पास झालं नव्हतं. खरं तर सगळ्या कामात मोलाचं काय असेल तर हेच. पाइपांत ओल राहिली, तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी जाऊन गोठते आणि थंडी बंद पडते, शिवाय तेलाशी तिची संगत होऊन आम्ल तयार होतं ते वेगळंच. खोल निर्वातात पाणी गॅरेजमधल्या साध्या उष्णतेलाही उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. पण त्याला वेळ लागतो. गर्दीच्या सीझनला पुढच्या गल्लीत हा पाऊण तास पाच मिनिटांत उरकतात, आणि गिऱ्हाईक खुशीनं म्हणतं, ‘बघा, किती झटपट काम!’

शेवटी गॅस. मिस्त्रींनी डबा वजनकाट्यावर ठेवला. बॉनेटखालच्या पट्टीवर बाराचं वजन ८०० ग्रॅम लिहिलेलं होतं. एकशे चौतीस त्याच्या ८० ते ९० टक्के घालतात. काट्यावर ७०० ग्रॅमच्या आसपास उतरल्यावर मिस्त्रींनी कॉक बंद केला. ‘शंभर ग्रॅम कमी का?’ हा प्रश्न आला तो थेट वाण्याच्या दुकानातून. त्यात ड्रायरच्या डोक्यावरच्या काचेच्या डोळ्यात मेव्हण्यांनी डोकावून पाहिलं. रुपयाएवढी काच, तिच्याखालून पांढुरके फुगे पळत होते. बाराच्या जमान्यातला प्रत्येक मालक एवढं एक शास्त्र शिकलेला असतो, की काचेत फुगे दिसले म्हणजे गॅस कमी, फुगे जाईपर्यंत भरा. एकशे चौतीसला हा नियम धड लागू पडत नाही. फुगे घालवायच्या नादात गॅस जास्त होतो, दाब चढतो, थंडी उलट कमी होते. मिस्त्रींनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘इथं बघू नका. इथं हात लावा.’

कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप त्यांनी मेव्हण्यांच्या हातात दिला. अॅल्युमिनियमवर आधी धुकं धरलं, मग बारीक थेंब आले, मग थेंब एकमेकांत मिसळून मेव्हण्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. बारीक पाइप मात्र चटका बसेल इतका तापला होता. जाड पाइपाला घाम आणि बारीक पाइपाला ताप असला की एसी ठीक, एवढं निदान माणसाला मीटरशिवाय करता येतं. मेव्हणे बराच वेळ पाइप धरून उभे होते.

घरी आल्यावर त्यांना आकडा हवा झाला. किती थंड? त्यांनी औषधाच्या डब्यातलं थर्मामीटर काढून एसीच्या जाळीत खोचलं. ते ताप मोजायचं, त्याची पट्टीच ३५ अंशांपासून वर. पारा हलेना. ‘एसीला ताप नाही,’ असं वहिनींनी जाहीर केलं आणि थर्मामीटर धुऊन ठेवलं.

एसी आता चालतो. गाडी धावत असली की उत्तम चालतो, सिग्नलला थोडा ढेपाळतो, पण नव्या पंख्यामुळे तगतो. सामान्य दाबाला बारा सुमारे उणे ३० अंशांना उकळतो, एकशे चौतीस उणे २६ ला. हा चार अंशांचा फरक पाइप, कंडेन्सर आणि पंखा नीट असले तर सीटवर बसलेल्या माणसाला कळत नाही. ज्याला मुद्दाम कळवून घ्यायचा असतो, त्याला मात्र पहिल्याच वळणावर कळतो. आत्याबाईंना मुद्दाम मागच्या सीटवर बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेण्यात आलं. खाली उतरून त्या म्हणाल्या, ‘बरंय. पण शाल नाही लागली.’ झालं. घरच्या दप्तरी एकशे चौतीसची नोंद ‘कामचलाऊ’ अशी झाली.

या एकशे चौतीसचेही दिवस भरत आलेत, ते सांगितलं पाहिजे. ओझोनला तो निर्दोष आहे, पण उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त वस्ताद. बारा तर दहा हजार पटींच्या पुढं होता. मेव्हण्यांच्या गाडीतला ७०० ग्रॅम गॅस उद्या हवेत गेला, तर ते साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्याच्या बरोबरीचं. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो चालत नाही. तिथं बहुतेक गाड्यांत १२३४वायएफ नावाचा नवा गॅस आलाय, अंमळ ज्वलनशील आणि भलताच महाग. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार, जिला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली, आपल्याकडे अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठेल आणि २०३२ पासून उतरू लागेल. म्हणजे अजून वीसेक वर्षांनी कुणीतरी वैकुंठात म्हणेल, ‘एकशे चौतीसची थंडी ती एकशे चौतीसची थंडी.’

ओझोन मात्र खरोखर सुधारतोय. सगळं असंच चालू राहिलं, तर २०४० च्या सुमारास बहुतेक जगावर आणि २०६६ च्या सुमारास अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला येईल, असं संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं झालेलं मूल्यमापन सांगतं. सासऱ्यांच्या पाइपातून १९९६ साली निसटलेला गॅस तेव्हाही वरच असेल.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल आणि तुम्ही गॅस बदलणार असाल, तर एक करा. पाइपांत जुना बारा शिल्लक असेल तर तो फुस्सकन सोडू देऊ नका, काढून साठवणारं यंत्र असेल अशाच गॅरेजात जा. काम झालं की बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवून घ्या. कुठला गॅस, किती ग्रॅम, कुठलं तेल, कधी घातलं. उद्या दुसऱ्या गावी दुसरा मिस्त्री बॉनेट उघडेल, त्याला हे कळलं नाही तर तो अंदाजानं काहीतरी भरेल आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागेल. गॅसचं नाव बहुतेक जण लिहितात, तेलाचं राहून जातं. तेलाचं आधी लिहा.